नवं पिल्लू घरी आणताना: आठव्या ते सोळाव्या आठवड्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन आठवड्यांनी घरात एक पिल्लू येणार आहे, कुत्र्याचं की मांजराचं ते अजून नक्की नाही. तुम्ही दोघंही नोकरी करता, मुलगी आठ वर्षांची आहे. काय काय आणून ठेवायचं, लसी कधी द्यायच्या, आणि ‘लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका’ असं जे सगळे सांगतात ते खरं का, हे तुम्हाला हवं आहे.

सामानाची यादी छोटी आहे, ती पुढे येईलच. त्याआधी पहिल्या दोन महिन्यांच्या वेळेचं नियोजन करा. पिल्लांवर उपचार करताना मला वारंवार दिसतं ते असं, की घरात गादी, खेळणी, वाट्या सगळं तयार असतं, पण दुपारी पिल्लाजवळ कोण असणार हे कुणी ठरवलेलं नसतं. आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत जाते आणि जगाला घाबरायचं की नाही हे त्याच्या मनात पक्कं होतं. एकीसाठी त्याला जपून ठेवावं लागतं, दुसरीसाठी जग दाखवावं लागतं. दोन्ही नीट सांभाळणं हेच या काळातलं खरं काम आहे.

आधी लसींचं बघू. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं, त्यातून तयार प्रतिपिंडं त्याच्या रक्तात जातात. हे संरक्षण साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान संपतं, पण नेमकं कधी, ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, अगदी एकाच वेताच्या भावंडांतही. अडचण अशी की ही आईची प्रतिपिंडं लसीलाही निष्प्रभ करतात. आठव्या आठवड्यात दिलेली लस एका पिल्लात लागू पडते, दुसऱ्यात वाया जाते, आणि बाहेरून बघून काहीच कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची, आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडलीच पाहिजे. ‘दोन इंजेक्शनं झाली, आता पुरे’ म्हणून बाराव्या आठवड्यात थांबलेली पिल्लं नंतर पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, होऊन आलेली मी पाहिली आहेत. ही मालिका संपल्यावर सहा महिने ते एक वर्षाच्या वयात एक बूस्टर लागतो, तो विसरू नका. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यापासून देतात.

कुत्र्याच्या पिल्लाला डिस्टेंपर, पार्वो आणि संसर्गजन्य कावीळ यांच्या लसी टाळता येत नाहीत. लेप्टोस्पायरोसिसचं डॉक्टर परिसर बघून सांगतील. मांजराच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तिन्ही विषाणूंची एकत्रित लस असते. पार्वो हा विषाणू तसा नवा, १९७८ च्या सुमाराला तो जगभर पसरला आणि मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा तो जवळचा नातेवाईक आहे. दोन्ही फार चिवट आहेत. जमिनीत आणि फटींत ते कित्येक महिने टिकतात, साबण, अल्कोहोल किंवा नेहमीच्या फिनाइलने मरत नाहीत. त्यांना मारायचं तर आधी फरशी धुऊन स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ते किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू उलट्या-जुलाबांनी गेलं असेल, तर नवं आणण्याआधी डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लसींबद्दल सगळे बोलतात, याबद्दल फार थोडे. कुत्र्याच्या पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडं असतं. या काळात ज्याची शांतपणे ओळख झाली ते त्याला पुढे जन्मभर साधं वाटतं, आणि जे कधी दिसलंच नाही ते धोक्याचं वाटण्याची शक्यता वाढते. मांजरात ही खिडकी आणखी लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, फार तर नवव्यापर्यंत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: मांजराचं पिल्लू तुमच्याकडे येईपर्यंत त्याचा हा काळ जवळजवळ संपलेला असतो. म्हणून ते निवडताना रंग नंतर बघा, आधी बघा ते माणसांच्या हातात वाढलंय का. जमिनीवर बसा, हात पुढे करून थांबा. येऊन हुंगणारं, उचलल्यावर क्षणभर ताठरून मग सैल पडणारं पिल्लू घ्या. कोपऱ्यात फुत्कारत बसलेल्याची दया येते, पण त्याला माणसाळवायला जो अनुभव आणि वेळ लागतो तो नोकरी करणाऱ्या, पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्या घराकडे सहसा नसतो.

कुत्र्याच्या पिल्लाचं मात्र निम्म्याहून जास्त काम तुमच्या घरात व्हायचं आहे, आणि लसींची मालिका संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद करून ठेवलंत तर ती संधी हातची जाते. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली याबद्दल स्पष्ट भूमिका मांडली: पहिली लस आणि जंतनाशक दिल्यावर सात दिवस गेले की सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लाला इतर निरोगी, लस घेतलेल्या पिल्लांबरोबरच्या वर्गात न्यायला हरकत नाही, कारण तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्ग नसून वर्तनाच्या समस्या आहेत. माझं मतही तेच आहे. बाहेर न्यायचंच, पण कसं ते महत्त्वाचं. कडेवर घेऊन किंवा पिशवीत बसवून रहदारी दाखवा, टोपी घातलेला माणूस, काठी घेऊन चालणारे आजोबा, सायकल, पाऊस, लहान मुलं दाखवा. लस घेतलेला शांत मोठा कुत्रा ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी न्या. जिथे अनोळखी कुत्री येऊन शी करतात ती जमीन, आणि दवाखान्याची फरशी, ही दोन ठिकाणं मालिका संपेपर्यंत टाळा.

दिवसाला एखादी नवी गोष्ट पुरे. पिल्लू स्वतःहून पुढे गेलं तर जाऊ द्या, मागे सरलं तर अंतर वाढवा आणि खाऊ द्या. घाबरलेल्याला ‘सवय होईल’ म्हणून तिथेच धरून ठेवलं की सवय होत नाही, भीती पक्की होते. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, फटाक्यांचा आवाज यांची सुरुवात दुसऱ्या खोलीतून, अगदी हळू आवाजात, जेवणाच्या वेळी करा. आणि रोज एक मिनिट त्याचे कान उघडून बघा, ओठ वर करून दात बघा, प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटं किंचित दाबा, नंतर खाऊ. मांजराच्या पिल्लालाही हे करा. पुढे नखं कापताना, गोळी देताना, कानात औषध घालताना दोन माणसांनी धरावं लागणारा प्राणी आणि मांडीवर बसून काम करून घेणारा प्राणी यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो.

कुत्रा की मांजर? तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर असाल तर दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आठ-नऊ तास एकटं ठेवता येणार नाही. जेवढे महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते लघवी धरू शकतं, आणि तीही कमाल मर्यादा. पहिले तीन-चार आठवडे आळीपाळीने रजा, घरून काम, किंवा दुपारी येऊन तासभर थांबणारं विश्वासाचं माणूस, यांपैकी काही जमत असेल तरच कुत्रा आणा. जमत नसेल तर मांजर, आणि शक्य असेल तर एकाच वेताची दोन पिल्लं. ती एकमेकांत खेळून दमतात आणि किती जोराने चावायचं हेही एकमेकांकडूनच शिकतात. कुत्र्याची दोन पिल्लं मात्र एकदम आणू नका. दोघांना वेगवेगळं फिरवणं, वेगवेगळं शिकवणं फार थोड्यांना जमतं. आणि काहीही आणलंत तरी आठ आठवड्यांच्या आत नको. ‘सहा आठवड्यांचं आहे, खायला लागलंय’ असं कुणी म्हणालं तर आणखी दोन आठवडे आईजवळ राहू द्या.

घरातली तयारी मुलीला बरोबर घेऊन करा. दोघी जमिनीवर पालथ्या पडा आणि तिथून घर बघा. लोंबती वायर, सोफ्याखालचं रबर, कपाटाखाली गेलेली गोळी, सगळं त्या उंचीवरून दिसतं. मांजर येणार असेल तर बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी आधी, बाकी सगळं नंतर. वॉशिंग मशीन लावण्यापूर्वी आत हात घालून बघण्याची सवय लावून घ्या. आणि सुईदोरा, लोकर, फिती, सुतळी हे सगळं डब्यात. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. उलट्या करणारं मांजराचं पिल्लू आलं की मी पहिल्यांदा त्याचं तोंड उघडून जिभेखाली बघते. कित्येकदा दोऱ्याचा एक वेढा तिथे रुतून बसलेला असतो आणि उरलेला दोरा आतड्यापर्यंत पोचलेला असतो. असा दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, त्याने आतडं चिरतं. तसंच दवाखान्यात या.

विषारी गोष्टींपैकी ज्या खरोखर जीव घेतात त्या सांगते. कुत्र्यांसाठी चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, ज्याने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. मांजरासाठी लिलीची फुलं: अंगाला लागलेले परागकण चाटूनही मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ येऊच द्यायचा नाही. दोघांसाठी उंदराचं औषध, डांबराच्या गोळ्या आणि माणसांची वेदनाशामकं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध मोडण्याची क्षमता त्याच्या यकृतात जवळजवळ नसतेच. आणि एक चूक पुन्हा पुन्हा होते: कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं मानेवर टाकायचं औषध उरलं म्हणून मांजराला लावलं जातं. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

सामान: खाण्यापिण्याच्या दोन जड वाट्या, आई-भावंडांचा वास असलेलं एखादं फडकं, झोपायला तीन बाजूंनी बंद जागा, नेण्या-आणण्याची पेटी, चावायची दोन-तीन खेळणी, एन्झाइम असलेला डाग साफ करायचा द्रव. कुत्र्याला हलका हार्नेस आणि पट्टा. मांजराला आखूड कडांचा लिटर ट्रे, बिनवासाची माती, आणि अंग ताणून ओरबाडता येईल एवढा उंच, न डगमगणारा खांब. डगमगणारा खांब मांजर एकदा वापरतं आणि मग सोफ्याकडे वळतं.

खाणं पहिला आठवडाभर बदलू नका. ते आधी जे खात होतं तेच आणा. घर, आई, वास सगळं बदललेलं असताना खाणंही बदललं की जुलाब ठरलेलेच. नंतर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं नवं मिसळत न्या. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा, अगदी छोट्या जातीच्या पिल्लाला चार वेळा नक्की, कारण उपाशी राहिलं तर साखर उतरून ते लडखडतं. गाईचं दूध नको. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांना त्यातली साखर पचत नाही. ‘पिल्लांसाठी’ असं लिहिलेलं पूर्ण अन्न देत असाल तर वर कॅल्शियमचं टॉनिक घालू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनेच हाडं वाकतात, हे मालकांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. मांजराला कुत्र्याचं अन्न चालत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, आणि ते कमी पडलं की हृदय सैल पडून मोठं होतं. हा संबंध १९८७ साली उघड झाला आणि त्यानंतर मांजरांच्या अन्नात ते जास्त घालायला लागले. दर आठवड्याला वजन करा. मांजराच्या पिल्लाचं आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबणं हे आजाराचं पहिलं लक्षण असतं, बाकीची नंतर येतात.

पहिली रात्र. पिल्लू रडणार, कारण ते आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपतंय. ‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला मला मान्य नाही. त्याची पेटी किंवा क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला तर त्याला लागेल अशी. रात्री एक-दोनदा उठून, दिवे न लावता, न खेळता शू करवून आणा आणि परत ठेवा. काही दिवसांनी पेटी रोज थोडी थोडी हवी त्या जागेकडे सरकवा. मांजराला उलट आधी एकच खोली द्या, ट्रे एका टोकाला, खाणं दुसऱ्या टोकाला, लपायला एक खोका. ते स्वतः बाहेर येईपर्यंत ओढून काढू नका. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं, आणि मुलीला हे आधीच सांगून ठेवा: झोपलेल्याला आणि खाणाऱ्याला हात लावायचा नाही, उचलायचं तर जमिनीवर बसून.

शी-शूची सवय वेळेने लागते, शिक्षेने नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरात परत आल्यावर नव्हे. घरात झाली तर गुपचूप पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग ते सोफ्यामागे जातं. अमोनिया असलेल्या द्रवाने पुसू नका, त्याला लघवीचा वास येतो आणि पिल्लू तीच जागा पुन्हा शोधतं. मांजरांना जितकी मांजरं त्याहून एक जास्त ट्रे, आणि रोज सफाई.

चावणं तर होणारच. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे नवे येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, हात काढून घ्या, पाठ फिरवा, थोड्या वेळाने खेळणं पुढे करा. घरातल्या सगळ्यांनी हे सारखंच केलं पाहिजे. बोटं नाचवून मांजराच्या पिल्लाशी खेळू नका. आज गोड वाटतं, सात महिन्यांनी रक्त निघतं. आणि लस न झालेल्या किंवा रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून खरचटलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीजचा धोका कमी होत नाही.

जंतांबद्दल एक गैरसमज दूर करते: ‘शीत जंत दिसले नाहीत म्हणजे नाहीत’ असं नसतं. कुत्र्याच्या पिल्लात गोल जंत गर्भातच आईकडून येतात, मांजराच्या पिल्लात दुधातून. म्हणून औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसं महिन्याने. मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने नको. याच जंतांची अंडी मुलांच्या पोटात गेली तर त्रास देतात, पण शीतून बाहेर पडलेल्या अंड्यांना संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. रोजची शी रोज उचलली आणि मुलीने हात धुतले की धोका फार कमी होतो.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा, हे ओळखायला एक गोष्ट आजच शिकून घ्या. पिल्लाचा ओठ वर करा, गुलाबी हिरडीवर बोट दाबा, सोडा. पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. निरोगी असताना हे बघून ठेवलंत तर आजारपणात फरक कळेल. हिरड्या फिकट, पांढऱ्या किंवा निळसर, उलट्या आणि जुलाब एकत्र, जुलाबात रक्त, खाण्याकडे पाठ आणि मलूलपणा, तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर, पोट फुगून कडक होणं, झटका: यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. एवढ्या लहान जिवात पाण्याचा साठा फार कमी असतो. गुदद्वारात मोजलेलं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असावं. अंग गार पडलं असेल तर तोंडात काही घालू नका, उबदार फडक्यात गुंडाळून घेऊन या.

नसबंदीचा विचारही आत्ताच करून ठेवा. मांजर चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकतं, म्हणून पाचव्या महिन्याच्या आत शस्त्रक्रिया उरकलेली बरी. एकाच वेताचे भाऊ-बहीण आणलेत तर हे आणखी महत्त्वाचं, ते नातं ओळखत नाहीत. छोट्या जातीच्या कुत्र्यांत सहा महिन्यांच्या आसपास, मोठ्या जातीत सांध्यांची वाढ पुरी होऊ द्यावी म्हणून बऱ्याचदा वर्षानंतर. नेमकी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्याच भुलीत मायक्रोचिप बसवून घेता येते आणि न पडलेले दुधाचे सुळेही काढता येतात.

पिल्लू आणल्यावर दोन-तीन दिवसांत पहिली तपासणी करून घ्या. येताना आधीच्या लसींचं कार्ड, जंतनाशकाचं नाव आणि तारीख, सध्याच्या अन्नाच्या पाकिटाचा फोटो आणि त्या दिवशीची ताजी शी छोट्या डबीत आणा. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे त्याच दिवशी विचारून नंबर फ्रिजवर लावा. कधी काही गिळलं तर फोनवर चार गोष्टी सांगा: काय, किती, किती वाजता, आणि पिल्लाचं वजन. वेष्टन बरोबर घ्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठाचीच विषबाधा होते.